अपुरे उमेदवार आणि लिबर्टेरियन मतदाराचे एक मत

व्यक्तीचे शरीर, श्रम, मालमत्ता आणि विचार यांवर तिचाच अधिकार असावा, दुसऱ्यावर बळजबरी होत नाही तोवर सरकारने तिच्या आयुष्यात हात घालू नये, आणि शासनसंस्थेचे काम न्यायदान, पोलीस व संरक्षण यांच्या फारसे पलीकडे जाऊ नये, अशी राजकीय भूमिका घेणाऱ्यांना अमेरिकेत लिबर्टेरियन म्हणतात. या भूमिकेचा मतदार अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी दर चार वर्षांनी एकाच अडचणीत सापडतो. डेव्हिड नोलन यांनी १९७० च्या सुमारास मांडलेल्या आलेखात ही अडचण एका दृष्टिक्षेपात दिसते : एका अक्षावर आर्थिक स्वातंत्र्य आणि दुसऱ्यावर व्यक्तिगत स्वातंत्र्य ठेवले, की रिपब्लिकन पक्ष परंपरेने पहिल्याचा आणि डेमोक्रॅटिक पक्ष दुसऱ्याचा कैवार घेताना आढळतो, आणि दोन्ही स्वातंत्र्ये हवी असणाऱ्या मतदाराला प्रत्येकाकडून अर्धेच मिळते. प्रत्यक्षात हे अर्धेही भरवशाचे नसते, कारण आयातशुल्क वाढवणारे रिपब्लिकन आणि पाळत ठेवण्याचे अधिकार वाढवणारे डेमोक्रॅट अमेरिकेने अनेकदा पाहिले आहेत.

या पेचाची खोली समजण्यासाठी १९६४ ची निवडणूक पाहावी लागते, कारण त्या वर्षी लिबर्टेरियन विचाराच्या लोकांना आपला म्हणता येईल असा उमेदवार एका मोठ्या पक्षाने खरोखरच दिला होता. ॲरिझोनाचे सिनेटर बॅरी गोल्डवॉटर संघराज्य सरकारचा खर्च आणि अधिकार छाटण्याची भाषा उघडपणे बोलत. अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन त्यांचे सल्लागार होते आणि कादंबरीकार आयन रँड यांनी त्यांना पाठिंबा दिला होता. याच गोल्डवॉटर यांनी त्या वर्षीच्या जूनमध्ये नागरी हक्क कायद्याच्या विरोधात मत दिले. १९५७ आणि १९६० च्या नागरी हक्क विधेयकांना त्यांनी पाठिंबा दिला होता. १९६४ च्या कायद्यातील खासगी हॉटेले, दुकाने आणि नोकऱ्या यांवर बंधन घालणाऱ्या तरतुदींना त्यांचा आक्षेप होता. मालमत्तेच्या हक्काच्या दृष्टीने हा आक्षेप सुसंगत वाटतो, परंतु दक्षिणेतील राज्यांमध्ये वर्णभेद हा केवळ दुकानदारांच्या मर्जीचा प्रश्न नव्हता. तो राज्यांच्या कायद्यांनी लादलेला होता, पोलिसांच्या बळावर टिकवलेला होता, आणि तो मोडू पाहणाऱ्या कृष्णवर्णीयांना मतदानापासूनही दूर ठेवले जात होते. वॉशिंग्टनमधील सरकारची बळजबरी तेवढी मोजायची आणि मिसिसिपी किंवा अलाबामा सरकारची मोजायची नाही, ही लिबर्टेरियन विचाराची स्वतःच्याच कसोटीवरची चूक होती, आणि तिची किंमत त्या चळवळीने पुढे दीर्घकाळ मोजली. गोल्डवॉटर यांना ॲरिझोना आणि दक्षिणेतील पाच राज्ये एवढाच विजय मिळाला. उमेदवाराची तात्त्विक भाषा आपल्याशी जुळते एवढ्यावर समाधान मानणाऱ्या मतदाराने कोणाचे स्वातंत्र्य हिशेबात घेतले गेले आणि कोणाचे वगळले गेले, हे प्रत्येक वेळी विचारले पाहिजे, असे हे उदाहरण सांगते.

चार वर्षांनी रिचर्ड निक्सन निवडून आले, आणि त्यांच्या कारकिर्दीत तर एकाच अध्यक्षाने लिबर्टेरियनांना मोठी देणगी आणि मोठा आघात असे दोन्ही दिले. सक्तीची लष्करभरती, म्हणजे तरुणांना कायद्याने सैन्यात ओढून व्हिएतनामसारख्या युद्धावर पाठवण्याची पद्धत, ही लिबर्टेरियनांच्या दृष्टीने सरकारी बळजबरीची परिसीमा होती. याच प्रश्नावरून १९६९ मध्ये सेंट लुईस येथे ‘यंग अमेरिकन्स फॉर फ्रीडम’ या तरुणांच्या संघटनेच्या अधिवेशनात परंपरावादी आणि लिबर्टेरियन यांच्यात उघड फूट पडली होती. निक्सन यांनी हा प्रश्न अभ्यासण्यासाठी आयोग नेमला, त्यात फ्रीडमन सदस्य होते, आणि १९७३ मध्ये ही भरती थांबली. पण त्याच निक्सन यांनी १५ ऑगस्ट १९७१ रोजी पगार आणि किमती ९० दिवसांसाठी गोठवल्या, आयातीवर १० टक्के अधिभार बसवला आणि डॉलरच्या बदल्यात परकीय सरकारांना सोने देणे बंद केले. सरकारने बाजारात इतका खोल हात घातलेला पाहून कोलोरॅडोमध्ये नोलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षीच्या डिसेंबरात लिबर्टेरियन पक्ष स्थापन केला. रँड यांनी मात्र १९७२ मध्ये, प्रतिस्पर्धी जॉर्ज मॅकगव्हर्न अधिक घातक आहेत असे मानून, निक्सन यांनाच मत देण्याचे आवाहन केले आणि नव्या पक्षावर कडक टीका केली. एकाच तत्त्वज्ञानातून निघालेल्या माणसांनी एकाच निवडणुकीत इतके वेगळे निष्कर्ष काढावेत, यात कोणाच्या बुद्धीचा दोष नव्हता. मताने नेमके काय साधायचे याविषयीच त्यांच्यात एकवाक्यता नव्हती.

त्या वर्षी नव्या पक्षाचे नाव फक्त दोन राज्यांच्या मतपत्रिकेवर होते. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन हॉस्पर्स आणि उपाध्यक्षपदाच्या उमेदवार टोनी नेथन यांना देशभरात चार हजारांहूनही कमी मते पडली. तरीही या जोडीची नोंद इतिहासात झाली, आणि त्यामागे अमेरिकी निवडणुकीची विशिष्ट रचना आहे. अमेरिकेचा अध्यक्ष थेट जनतेच्या एकूण मतांवर निवडला जात नाही. प्रत्येक राज्याला ठरावीक निर्वाचक मिळतात, त्यांची एकूण संख्या ५३८ आहे, आणि विजयासाठी २७० निर्वाचक मते लागतात. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये सोडली, तर राज्यात ज्याला सर्वाधिक मते मिळतात त्याच्याच पदरात तेथील सर्व निर्वाचक पडतात. १९७२ मध्ये व्हर्जिनियातील रिपब्लिकन निर्वाचक रॉजर मॅकब्राइड यांनी निक्सन यांच्याऐवजी हॉस्पर्स आणि नेथन यांना मत दिले, आणि त्यामुळे निर्वाचक मत मिळवणाऱ्या नेथन या पहिल्या स्त्री ठरल्या.

सगळे निर्वाचक एकालाच देण्याच्या या पद्धतीमुळे मतदाराचा पत्ता कोणत्या राज्यातला आहे, याला विलक्षण महत्त्व येते. कॅलिफोर्निया डेमोक्रॅटांकडे आणि वायोमिंग रिपब्लिकनांकडे जाणार हे आधीच ठाऊक असते, तर जॉर्जिया, ॲरिझोना, विस्कॉन्सिन यांसारखी अटीतटीची राज्ये निकाल ठरवतात. अँड्र्यू गेलमन, नेट सिल्व्हर आणि ॲरन एडलिन या अभ्यासकांनी २००८ च्या निवडणुकीबाबत असे गणित मांडले, की एका मताने देशाचा निकाल बदलण्याची शक्यता सरासरी सहा कोटींत एक होती आणि सर्वांत अनुकूल अशा मोजक्या राज्यांत ती सुमारे एक कोटीत एक होती. अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९५७ मध्येच यातला तार्किक प्रश्न मांडला होता : मताने निकाल बदलण्याची शक्यता इतकी नगण्य असेल, तर मतदानाला जाण्याचे आणि उमेदवारांची माहिती घेण्याचे कष्ट केवळ स्वार्थाच्या हिशेबाने परवडत नाहीत. माहिती न घेण्याच्या या प्रवृत्तीला त्यांनी विवेकी अज्ञान म्हटले, म्हणजे माहितीचा खर्च तिच्या फायद्याहून जास्त असल्याने पत्करलेले अज्ञान.

मग लोक मत देतात तरी का? जेफ्री ब्रेनन आणि लोरेन लोमास्की यांनी १९९३ मध्ये दिलेले उत्तर लिबर्टेरियन मतदाराला विशेष उपयोगी आहे. त्यांच्या मते बहुतेक मतदान अभिव्यक्तीसाठी असते. मतदार निकाल घडवण्याहून अधिक आपण कोणत्या बाजूचे आहोत याची साक्ष देत असतो. हे मान्य केले, की ‘मत वाया घालवू नका’ या नेहमीच्या धमकीतला बराचसा दम निघून जातो, कारण सुरक्षित राज्यात मोठ्या पक्षाला दिलेले मतही निकालाच्या दृष्टीने तितकेच निष्प्रभ असते. उलट लहान पक्षाला पडलेल्या मतांचा हिशेब प्रसिद्ध होतो, अनेक राज्यांत पुढच्या निवडणुकीत मतपत्रिकेवर नाव राहील की नाही हे त्या टक्केवारीवर ठरते, आणि ते न मिळाल्यास पक्षाला हजारो सह्या गोळा करत फिरावे लागते. या हिशेबाचा एक गैरवापरही होतो आणि तो टाळला पाहिजे : निकालाची जबाबदारी आपल्यावर नाही म्हणून मतदाराने विचारच सोडून द्यावा, असे यातून निघत नाही. अर्थशास्त्रज्ञ ब्रायन कॅप्लन यांनी २००७ मध्ये दाखवून दिले, की स्वतःच्या चुकीच्या मताची किंमत स्वतःला मोजावी लागत नाही म्हणूनच लोक मतदान केंद्रात आपल्या लाडक्या गैरसमजांना मोकळे रान देतात. आणि लिबर्टेरियन मतदार या नियमाला अपवाद आहे असे मानायला आधार नाही.

अटीतटीच्या राज्यात मात्र साक्ष आणि निकाल यांची फारकत इतकी सोपी राहत नाही. २०२० मध्ये जॉर्जियात जो बायडन ११,७७९ मतांनी जिंकले आणि लिबर्टेरियन उमेदवार जो जॉर्गेन्सन यांना तेथे ६२ हजारांहून अधिक मते होती; ॲरिझोनात फरक १०,४५७ चा होता आणि जॉर्गेन्सन यांची मते ५१ हजारांहून अधिक होती; विस्कॉन्सिनमध्येही हेच चित्र होते. यावरून लिबर्टेरियनांनीच डोनाल्ड ट्रम्प यांना हरवले असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल, कारण त्या मतदारांपैकी किती घरीच बसले असते आणि किती बायडन यांच्याकडे गेले असते हे आकडे सांगत नाहीत. अधिक ठळक उदाहरण त्याच जॉर्जियातील सिनेटच्या लढतीचे आहे. तेथे विजयासाठी निम्म्याहून अधिक मते लागतात. रिपब्लिकन डेव्हिड पर्ड्यू यांना ४९.७ टक्के मते मिळाली, लिबर्टेरियन उमेदवाराने २.३ टक्के घेतली, आणि ५ जानेवारी २०२१ च्या दुसऱ्या फेरीत डेमोक्रॅट जॉन ऑसॉफ विजयी झाले. त्याच दिवशी राज्याची दुसरी जागाही डेमोक्रॅटांनी जिंकली, सिनेट ५०-५० अशी विभागली गेली, उपाध्यक्षांच्या निर्णायक मतामुळे तिचा ताबा डेमोक्रॅटांकडे गेला आणि मार्चमध्ये १.९ लाख कोटी डॉलरचे खर्चाचे विधेयक तेथे ५० विरुद्ध ४९ मतांनी मंजूर झाले. हे सर्वांत लहान सरकार मागणाऱ्यांनी दिलेल्या मतांचे फळ, असे कोणी म्हणेल. परंतु आदल्या वर्षी ट्रम्प यांच्या कारकिर्दीत २.२ लाख कोटी डॉलरचे विधेयक त्याच सिनेटने ९६ विरुद्ध ० मतांनी मंजूर केले होते, हेही त्याच दमात सांगायला हवे.

दुसऱ्या फेरीची पद्धत मतदाराला आधी साक्ष देऊ देते आणि मग निकाल ठरवू देते, हा तिचा मोठा गुण आहे. पसंतीक्रमाच्या मतदानात हीच सोय एकाच मतपत्रिकेवर मिळते. महाराष्ट्रात विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत मतदार पहिली, दुसरी, तिसरी पसंती नोंदवतात, त्याच धर्तीची रचना मेन राज्याने २०२० मध्ये अध्यक्षीय निवडणुकीसाठी प्रथम वापरली. ही सोय अमेरिकेत सर्वत्र झाली, तर लिबर्टेरियन मतदाराचा अर्धा पेच आपोआप सुटेल. फ्रेंच राज्यशास्त्रज्ञ मॉरिस दुव्हर्जे यांनी १९५१ मध्ये मांडलेला नियम असा, की सर्वाधिक मतांनी एकच विजेता ठरवणाऱ्या पद्धतीत दोनच मोठे पक्ष टिकतात. म्हणून लहान पक्षाने उमेदवार सुधारण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक बळ मतदानाची पद्धत सुधारण्यावर खर्च करणे शहाणपणाचे आहे.

स्वतःच्या पक्षाचा उमेदवारही निर्दोष असतोच असे नाही. २०१६ मध्ये न्यू मेक्सिकोचे माजी गव्हर्नर गॅरी जॉन्सन आणि मॅसॅच्युसेट्सचे माजी गव्हर्नर विल्यम वेल्ड अशी अनुभवी जोडी उभी होती. तिला सुमारे ४५ लाख मते, म्हणजे ३.३ टक्के मिळाली आणि ही पक्षाची आजवरची सर्वोच्च कामगिरी आहे. पाच टक्के गाठले असते, तर पुढच्या निवडणुकीसाठी सरकारी निधी मिळण्याचा हक्क पक्षाला आला असता. पण जॉन्सन यांना दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत सीरियातील अलेप्पो शहराविषयीच्या प्रश्नाचा संदर्भच लागला नाही, आणि मतदानाच्या आठवडाभर आधी वेल्ड यांनी प्रतिस्पर्धी डेमोक्रॅटिक उमेदवार हिलरी क्लिंटन यांच्या पात्रतेची ग्वाही दिली. पक्षाचे पहिले उमेदवार हॉस्पर्स यांनी तर २००४ मध्ये जॉर्ज डब्ल्यू. बुश यांना मत देण्याचे आवाहन केले होते. पक्षनिष्ठा हे या पेचाचे उत्तर नाही, हे पक्षाच्या नेत्यांनीच असे दाखवून दिले.

मग दोन अपुऱ्या उमेदवारांत तुलना करायची ती कशाच्या आधारावर? जाहीरनाम्यांवर हिशेब मांडण्यापेक्षा अध्यक्षाच्या हातात खरोखर काय असते, याकडे पाहणे अधिक फलदायी आहे. कर आणि खर्च यांसाठी अध्यक्षाला काँग्रेसची, म्हणजे कायदेमंडळाची संमती लागते. त्यामुळे त्याविषयीची आश्वासने निम्म्या भावाने घ्यावीत. सैन्य वापरण्याचा निर्णय, स्थलांतरितांवरील कारवाई, न्यायाधीशांच्या नेमणुका, शिक्षामाफी आणि, काँग्रेसने वेळोवेळी सोपवलेल्या अधिकारांमुळे, आयातशुल्क या बाबतींत मात्र अध्यक्ष बऱ्याच अंशी एकट्याने वागू शकतो. ‘कॅटो इन्स्टिट्यूट’ या लिबर्टेरियन अभ्याससंस्थेचे अर्थशास्त्रज्ञ विल्यम निस्कानेन यांनी मांडलेला विचारही येथे उपयोगी पडतो : अध्यक्षपद एका पक्षाकडे आणि काँग्रेस दुसऱ्याकडे असते तेव्हा सरकारी खर्च हळू वाढतो, तेव्हा दोघांना एकमेकांच्या वाटेत उभे करणे हाही मताचा योग्य उपयोग आहे. याहून महत्त्वाची कसोटी नुकसान परत भरून काढता येते की नाही, ही आहे. वाढलेला कर पुढची काँग्रेस कमी करू शकते. युद्धात गेलेला जीव, हद्दपारीत तुटलेले कुटुंब, किंवा निवडणुकीचा निकाल आणि न्यायालयाचा आदेश मानण्याची मोडलेली प्रथा पुढच्या मतदानाने परत येत नाही.

या कसोटीची गरज २०२४ मध्ये स्पष्ट झाली. डेमोक्रॅटिक उमेदवार कमला हॅरिस यांनी किराणा मालाच्या अवाजवी दरवाढीवर संघराज्य पातळीवर बंदी घालण्याचा प्रस्ताव मांडला होता, आणि १९७१ चा अनुभव ज्यांना आठवतो त्यांना तो खटकणे साहजिक होते. ट्रम्प यांनी सरसकट आयातशुल्क आणि मोठ्या प्रमाणावर हद्दपारी जाहीर केली होती. मे महिन्यात ते लिबर्टेरियन पक्षाच्या अधिवेशनात मते मागण्यासाठी आले, तेथे त्यांची हुर्यो उडवली गेली. पण ‘सिल्क रोड’ हा ऑनलाइन बाजार चालवल्याबद्दल जन्मठेप भोगणाऱ्या रॉस उलब्रिख्ट यांना सोडण्याचे वचन त्यांनी दिले, आणि २१ जानेवारी २०२५ रोजी पूर्ण माफी देऊन ते पाळले. २ एप्रिल २०२५ रोजी त्यांनी जवळजवळ सर्व देशांच्या मालावर किमान १० टक्के शुल्क जाहीर केले. सौदा करणाऱ्या लिबर्टेरियनांना एका कैद्याचे स्वातंत्र्य मिळाले, आणि कोट्यवधी लोकांच्या व्यापारस्वातंत्र्यावर घाला आला. दोन्ही गोष्टी आधीच सांगितलेल्या होत्या, म्हणून त्यांचे वजन करण्याची जबाबदारी मतदाराची होती, आणि हा सौदा महाग पडला असेच म्हणावे लागते. त्या शुल्काला न्यायालयात आव्हान देणाऱ्या छोट्या आयातदारांची बाजू ‘लिबर्टी जस्टिस सेंटर’ या लिबर्टेरियन वळणाच्या संस्थेने मांडली, आणि २८ मे २०२५ रोजी अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

मतदानच न करण्याचा मार्गही या विचारपरंपरेत जुना आहे. एकोणिसाव्या शतकातील वकील लायसँडर स्पूनर यांचे म्हणणे असे, की मत देणे म्हणजे सरकारला संमती देणे नव्हे, कारण ज्याच्यावर राज्य केले जाणारच आहे तो बचावासाठीही मत देऊ शकतो. वेंडी मॅकएलरॉय यांच्यासारख्या लेखिका याच्या उलट, कोणालाही दुसऱ्यावर सत्ता देण्यात सहभागी न होणेच नैतिक मानतात. तत्त्वज्ञ जेसन ब्रेनन यांचा २०११ मधील युक्तिवाद मधला आहे : मत देणे हे कर्तव्य नाही, पण द्यायचेच तर अभ्यास करून द्यावे, अन्यथा देऊ नये. स्पूनर यांचे म्हणणे यांत सर्वांत भक्कम आहे, कारण ते मतदाराला अपराधभावातूनही सोडवते आणि आळसातूनही. नेव्हाडा राज्यात १९७० च्या दशकापासून ‘यांपैकी कोणीही नाही’ हा पर्याय मतपत्रिकेवर आहे. २०१४ मध्ये तेथील डेमोक्रॅटांच्या गव्हर्नरपदाच्या पक्षांतर्गत निवडणुकीत हाच पर्याय पहिला आला, तरी उमेदवारी दुसऱ्या क्रमांकाच्या व्यक्तीला मिळाली. भारतातील ‘नोटा’ची स्थितीही बहुतेक निवडणुकांत अशीच आहे.

महाराष्ट्रात या विचाराच्या सर्वांत जवळ जाणारे नेते शरद जोशी होते. शेतमालाच्या व्यापारावरील सरकारी बंधने उठवण्याची मागणी त्यांनी शेतकरी संघटनेतून लावून धरली आणि १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला. पुढे २००४ मध्ये ते भाजप आणि मित्रपक्षांच्या पाठिंब्यावर राज्यसभेत गेले, आणि ९ मार्च २०१० रोजी महिला आरक्षण विधेयकाच्या बाजूने १८६ मते पडली तेव्हा विरोधातील एकमेव मत त्यांचे होते. त्या भूमिकेशी कोणी सहमत असो वा नसो, तडजोडीने सभागृहात जाणे आणि तेथे एकट्याने साक्ष देणे ही दोन्ही कामे एकाच माणसाला करता येतात, हे त्यांनी दाखवले.

सुरक्षित राज्यातील लिबर्टेरियन मतदाराने निःसंकोच आपल्या उमेदवाराला मत द्यावे. अटीतटीच्या राज्यात राहणाऱ्याने, परत न भरून येणारे नुकसान ज्याच्या हातून अधिक होईल असे त्याला प्रामाणिकपणे वाटते, त्याच्या प्रबळ प्रतिस्पर्ध्याला मत देण्यात कमीपणा मानू नये. आणि दोघांनीही मतपत्रिकेचा उरलेला भाग कोरा सोडू नये. २०१२ मध्ये कोलोरॅडोच्या ज्या मतपत्रिकेवर जॉन्सन यांचे नाव होते, त्याच मतपत्रिकेवर प्रौढांसाठी गांजा कायदेशीर करणारी घटनादुरुस्तीही होती. जॉन्सन यांना देशभरात एक टक्काही मते मिळाली नाहीत; घटनादुरुस्ती सुमारे ५५ टक्के मतांनी मंजूर झाली. स्थानिक शेरीफ, सरकारी वकील, न्यायाधीश आणि सार्वमताचे प्रस्ताव यांच्या बाबतीत एका मताचे वजन अध्यक्षीय लढतीच्या हजारो पट असते, आणि पोलिसाचा हात नागरिकाच्या खांद्यावर पडतो तो बहुधा याच पदांच्या हुकमाने; तेवढ्या ओळी वाचण्यासाठी मतदाराने आधीची एक संध्याकाळ अवश्य राखून ठेवावी.